काका पास करत नाहीत

माझ्या काकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पास केली नाही. भाकरी नाही, दाढीचं ब्लेड नाही, डॉक्टर नाहीत आणि मी तर नाहीच नाही. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, म्हणून धीर करून लिहायला बसलोय. असते तर हा कागद लाल फुली मारून परत आला असता आणि खाली बारीक अक्षरात कारण असतं, 'समास कमी सोडला.'

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते क्यूसी इन्स्पेक्टर होते. तिथे पंपाचे व्हॉल्व्ह बनायचे, आणि बनलेला व्हॉल्व्ह बरोबर मापाचा आहे की नाही हे बघणं त्यांचं काम. त्यांना स्किझोफ्रेनियाही होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत हे बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण संशय घेणं हा ज्याचा आजार, त्याला कंपनी संशय घ्यायचाच पगार देत होती. उलट दोनदा त्यांना उत्कृष्ट कामगार म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दोन्ही घड्याळं त्यांनी रिजेक्ट केली. एक दिवसाला चार सेकंद पुढे जायचं, आणि दुसरं त्यांच्याकडे बघायचं.

मग एके दिवशी त्यांनी अख्ख्या महिन्याचा माल रिजेक्ट केला. चांगला, वाईट, पॅक झालेला, ट्रकमध्ये चढलेला, सगळा. व्हॉल्व्ह आपसांत बोलतात आणि बोलणं बंद होईपर्यंत माल बाहेर जाणार नाही, असं त्यांनी रीतसर लिहून दिलं. मॅनेजरच्या गाडीला रिजेक्टचा लाल टॅग बांधला आणि शेवटी एक स्वतःच्या शर्टाच्या गुंडीलाही. वडील त्यांना रिक्षाने वर्तकनगरला घरी घेऊन आले तेव्हा तो टॅग तसाच लटकत होता. काका चौतीस वर्षांचे होते, मी सहा. मला वाटलं, काकांना पुन्हा बक्षीस मिळालं. मी टाळ्याही वाजवल्या म्हणे.

आमच्या घरात बुवाबाजीला थारा नव्हता. वडील दर रविवारी विहारात जाणारे. कल्याणच्या एका मावशीने अंगाऱ्याचं नुसतं नाव काढलं, तर तिला त्यांनी चहा न देता वाटेला लावलं. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, सगळं शास्त्रशुद्ध. पण देव सोडलेल्या माणसांनी लग्नावरची श्रद्धा काही सोडलेली नव्हती. पोरगं मार्गी लागलं की डोकं आपोआप जागेवर येतं, असं आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं मत पडलं आणि काकांना डोंबिवलीला मुलगी बघायला नेण्यात आलं.

हा किस्सा आईच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलाय की त्या घराचे पडदेसुद्धा मला माहीत आहेत. पोहे आले. वडिलांनी घसा खाकरून सांगितलं, "भाऊ कंपनीतच आहे. सध्या जरा बीपीमुळे रजेवर आहे." काकांनी बशी खाली ठेवली आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "मुलगी ओके आहे. मुलात डिफेक्ट आहे. बीपी नाही, डोक्याचा आहे. मला आवाज ऐकू येतात, गोळ्या चालू आहेत. हे लोक तुम्हाला सांगणार नाहीत. त्यांचीही चूक नाही, त्यांना माल काढायचाय."

मुलीच्या वडिलांनी काकांना आणखी पोहे वाढले. काकांनी ते खाल्ले. त्यात मीठ जास्त आहे हेही सांगितलं. वडील दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आई हा किस्सा सांगताना नेहमी हसते आणि हसता हसता उठून चहा टाकायला जाते. मला विचाराल तर काका काय चीज होते ते एवढ्यावरून कळावं. दोष असलेल्या मालावर ते पासचा शिक्का मारत नसत, मग तो माल ते स्वतः का असेनात.

शिक्का हा नुसता बोलण्यातला नव्हे. कंपनीचा खराखुरा शिक्का त्यांच्याकडे होता. गोल, पैशाएवढा, मध्ये त्यांचा इन्स्पेक्टर नंबर. कंपनीतून येताना तो त्यांच्या खिशात राहून गेला की त्यांनी ठेवून घेतला, हे मला माहीत नाही आणि पुढे कंपनीच बंद पडली, त्यामुळे विचारायलाही कोणी उरलं नाही. शिक्का, जांभळं पॅड, लाल खडू आणि व्हर्निअर हा त्यांचा संसार. भाकरी पानात पडली की व्हर्निअरने तिची जाडी बघायची, कडेला आणि मध्यभागी. आई म्हणायची, "भावजी, मापात नसेल तर राहू दे, मी कुत्र्याला घालते." मग काका घाईघाईने म्हणायचे, "रिवर्कमध्ये चालेल," आणि मुकाट्याने खायचे.

त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांना ते 'ऑडिटवाले' म्हणत. दोन जण होते. एक बोलायचा, दुसरा लिहून घ्यायचा. काका उठले, काकांनी तोंड धुतलं, काकांनी आज टॉवेल उलटा टाकला, असं दिवसभर चालायचं. आई त्यांना कधी घाबरली नाही. काका सांगायचे, "वहिनी, ऑडिटवाले म्हणतात आमटीत मीठ विसरलात." आई म्हणायची, "त्यांना म्हणावं, हात धुवा आणि येऊन टाका." एकदा मी विचारलेलं, "काका, माझ्याबद्दल काय म्हणतात हो?" काकांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "काही नाही. तू त्यांच्या स्कोपमध्ये येत नाहीस." खोटं कशाला सांगू, मला जरा वाईट वाटलं.

तुम्हाला वाटत असेल की अशा माणसाचं एकदा तरी बरोबर निघालं असणार. काकांनी रिजेक्ट केलेला गॅस सिलिंडर गळका निघाला, नापास केलेला जिना पडला, असलं काहीतरी. नाही. एकदाही नाही. सिलिंडर उत्तम होता आणि जिना अजून उभा आहे. काका शहाणे नव्हते, आजारी होते, आणि हे ज्याला रोज सकाळी निस्तरावं लागतं त्याला त्यात गूढबिढ काही दिसत नाही.

वडील गेल्यावर ते निस्तरणं माझ्याकडे आलं. माझी मोठी बहीण कोपरला असते. तिने मला तेव्हाच बजावलेलं, "गोळ्या चालू आहेत तोवर ठीक. बंद झाल्या ना, की मी कोणाचं ऐकणार नाही. आईचे गुडघे बघ. तुझं वय बघ, लग्न नाही, काही नाही. बदलापूरच्या पुढे एक संस्था आहे, तिथे नाव घालायचं." मी हो म्हणालो. म्हणजे काकांनी आमच्या घरात राहायचं की नाही, हे रोज सकाळच्या दोन गोळ्यांवर ठरणार होतं. आणि त्या गोळ्या काका पास केल्याशिवाय घेत नसत.

मेडिकलमधून पाकीट आणलं की ते खिडकीत जायचे आणि एकेक पट्टी उजेडात धरायचे. बॅच नंबरच्या शेवटी सात असला की रिजेक्ट. छपाई फिकी असली की रिजेक्ट. पट्टीचा कोपरा दुमडलेला असला की रिजेक्ट. पास झालेल्या पट्टीच्या पाठीवर जांभळा शिक्का, मगच गोळी पोटात. मग मी नापास पट्ट्या घेऊन पुन्हा मेडिकलवाल्याच्या दारात. सुरुवातीला तो हसायचा. नंतर मी दिसलो की सगळा डबाच समोर ठेवायचा, "घे भाऊ, तूच निवड. वांगी निवडतात तशी निवड." मी सात नसलेल्या, कोपरे सरळ असलेल्या पट्ट्या शोधत उभा राहायचो आणि मागे खोकल्याच्या औषधासाठी रांग लागायची.

हे सगळं करून मी कामावर जायचो. काम कुठे, तर वागळे इस्टेटमध्येच, काकांची कंपनी होती त्याच गल्लीत. तिथे आता काचेची बिल्डिंग आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावर बसून मी विम्याचे क्लेम तपासतो. मीही दिवसभर रिजेक्टच करतो, फक्त मला एसी आहे आणि लोक मला वेडा म्हणत नाहीत.

एकदा सलग पाच पट्ट्या नापास झाल्या. मेडिकलवाल्याकडचा डबा संपला. दुसऱ्याकडे सगळी बॅच सातवाली. तीन दिवस काकांच्या पोटात गोळी नव्हती, ऑडिटवाल्यांचा आवाज चढला होता आणि मला पावणेनऊला निघायचं होतं. काका आंघोळीला गेले. मी टेबलावरचा शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि नापास पट्टीच्या पाठीवर मारला. कसलं काय वाटलं नाही. उलट इतकी वर्षं आपल्याला हे का सुचलं नाही म्हणून स्वतःचाच राग आला.

काकांनी त्यातल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून पट्टी पालथी केली आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा शिक्का कोणी मारला?"

"तुम्हीच मारलात की काका."

"मी एक्सपायरीच्या तारखेवर शिक्का मारत नाही. कोणीच इन्स्पेक्टर मारत नाही. तारीख झाकली जाते."

आई आतून बाहेर आली, तिलाही कळलं. काका ओरडले असते, काही फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी दाढीचं ब्लेड घेतलं, शिक्क्याचं रबर लाकडापासून सोडवलं आणि त्याचे बारीक तुकडे केले. "शिक्का बाहेरच्या हातात गेला की रद्द करतात," त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, नवीन कामगाराला सांगावं तसं. "आता इन्स्पेक्शन बंद."

आता इन्स्पेक्शनच बंद म्हटल्यावर पास काहीच होईना. गोळ्या नाहीत, भाकरी नाही, आईच्या हातचं पाणीसुद्धा नाही. फक्त केळी आणि उकडलेली अंडी, कारण त्यांचं पॅकिंग फोडलं की कळतं. आईने जेवढा म्हणून विनोद तिच्यापाशी होता तेवढा करून पाहिला. "भावजी, मी काय तीस वर्षांनी विष घालणार? घालायचं तर पहिल्याच वर्षी नसतं घातलं?" काका हसले नाहीत. मग तीही हसायची थांबली, आणि तेव्हा मात्र मला भीती वाटली.

तीन आठवड्यांनी एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला, "भावजी घरात नाहीत रे." मी धावत खाली आलो. काका आमच्याच गेटवर होते. हातात व्हर्निअर, पायात दोन वेगळ्या चपला, सिक्युरिटीवाल्याला सांगत होते की सेकंड शिफ्टला उशीर झालाय, आत सोडा. आमच्या टीमची चार पोरं बाजूला चहा पीत होती.

"कोण आहे रे हा?" एक जण म्हणाला. "फुल सटकेला आहे."

"माहीत नाही," मी म्हणालो.

हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. ज्या माणसाने परक्याच्या घरात पोह्यांची बशी खाली ठेवून स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगितला, त्याला मी चार पोरांसमोर ओळख दाखवली नाही. किती वेळ, तर असेल अर्धं मिनिट. लाज वाटली, आणि लाज वाटल्याची लाज अजून जात नाही. मग काकांनीच मला पाहिलं. "आलास? बरं झालं. यांना सांग मी कोण आहे ते." तेव्हा मी पुढे झालो आणि सांगितलं, "माझे काका आहेत." पोरांनी चहाचे ग्लास ठेवले आणि त्यातल्याच एकाने, सटकेला म्हणणाऱ्याने, रिक्षा थांबवून दिली.

काका बारा दिवस दवाखान्यात होते. इंजेक्शनं झाली, ऑडिटवाले खाली बसले. सोडताना डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या घरी सुरू राहिल्या पाहिजेत. पुन्हा बंद झाल्या तर प्रत्येक वेळी असे परत येतीलच असं नाही." तोवर ताईने बदलापूरच्या पुढच्या संस्थेत नाव घातलेलं होतं. दोन महिन्यांनी जागा होणार होती. मी तिला नको म्हणालो नाही.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी काकांसमोर पट्टी ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"काका, चुकलो मी. माफी मागतो."

"माफीचा फॉर्म नसतो," काका म्हणाले.

"मग कशाचा असतो?"

काकांनी चष्मा पुसला. "डेव्हिएशनचा असतो."

मग त्यांनी मला समजावलं. कधी कधी माल पास होत नाही, पण लाईन थांबून चालत नाही. अशा वेळी इन्स्पेक्टर शिक्का मारत नाही. प्रॉडक्शनवाला कागदावर लिहून देतो की मालात हा हा दोष आहे, मला माहीत आहे, तरी मी वापरतोय, जबाबदारी माझी. खाली सही. इन्स्पेक्टरला खोटं बोलावं लागत नाही आणि लाईनही चालू राहते. मी ताईच्या मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही काढली आणि फूटपट्टीने रकाने आखले. दोन वेळा आखले, पहिले तिरके होते.

"दोष?" मी विचारलं.

"लिही. तोंड कोरडं पडतं. हात थरथरतो, व्हर्निअर धरता येत नाही. वजन वाढतं. झोप येते. ऑडिटवाले बोलायचे बंद होतात."

"काका, हा कुठे दोष झाला? हा तर फायदा."

"तुला काय जातंय बोलायला," काका म्हणाले. "तीस वर्षं दोघं सोबत होते रे. ते गेले की खोलीत मी एकटाच असतो."

मी ते लिहिलं. इतकी वर्षं गोळीला आम्ही औषध म्हणत होतो, आणि तिने या माणसाचं काय काय नेलं हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, वडिलांनी नाही, मी तर नाहीच. जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव घातलं. शेवटचा रकाना होता, 'कुठपर्यंत'. मी लिहिलं, 'दोन महिने.' काकांनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गोळी घेतली.

त्यानंतर रोज सकाळी मी सही करायचो आणि ते गोळी घ्यायचे. वेळ दीड मिनिट. मेडिकलवाल्याने मला विचारलं, "काय भाऊ, पेशंट बरा झाला काय? पट्ट्या परत येत नाहीत." मी म्हणालो, "पेशंट तोच आहे, सिस्टीम बदलली." आईच्या हातची भाकरीही आठवड्याभराने डेव्हिएशनवर सुरू झाली. तिच्या दोषांची यादी काकांनी दीड पान सांगितली आणि आईने ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली.

दोन महिने संपत आले तेव्हा ताईचा फोन आला. जागा झाली होती. सोमवारी घेऊन या म्हणाले होते. "हे बघ, आत्ता ठीक आहेत म्हणून फसू नकोस," ती म्हणाली. "तू चाळिशीला आलास. आईला उद्या काही झालं तर तू एकटा काय करणार आहेस?" तिचं काही चुकीचं नव्हतं. तिच्या बोलण्यात मला एकही खोट काढता येईना, आणि मी खोट काढायचाच पगार घेतो.

शनिवारी सकाळी वही उघडली तर रकाने संपलेले. काका पेन घेऊन आधीच बसले होते.

"मुदत संपली," ते म्हणाले. "आता?"

मला वाटलेलं, सोमवारी रिक्षात बसवेपर्यंत काही बोलायचं नाही. डोंबिवलीला फिरायला जाऊ म्हणायचं आणि पुढे न्यायचं. तसंच ताईबरोबर ठरलेलं. पण समोर ती वही होती आणि तिच्यात माझ्या दोन महिन्यांच्या सह्या.

"काका, ताईने तुमच्यासाठी एक जागा बघितलीय. बदलापूरच्या पुढे. सोमवारी जायचंय."

"माहीत आहे."

"ऑडिटवाले म्हणाले?"

"ते कुठे बोलतात आता. तुझी आई फोनवर बोलते, ते नाक्यापर्यंत ऐकू जातं." काकांनी पेनाचं टोपण काढलं. "डेव्हिएशन कायमचं नसतं. मुदत संपली आणि माल तसाच यायला लागला, की दोन रस्ते. एक तर माल परत पाठवायचा."

"आणि दुसरा?"

"ड्रॉइंग बदलायचं. मापच नवीन काढायचं, त्या मालाला धरून. मग तो दोष राहत नाही. पार्टच तसा आहे म्हणायचं." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "कुठलंही लिही. पण कोरं ठेवू नको. अर्धवट फॉर्म मी घेत नाही."

मी पेन घेऊन बसलो. मनात थोर विचार वगैरे काही आले नाहीत. आईचे गुडघे आले. अजून न झालेलं लग्न आलं, आणि या घरात एक खोली कमी आहे हे आलं. गेटवरचं ते अर्धं मिनिट आलं. मी आजवर काकांना 'सध्या' सांभाळत आलो होतो. वडील होते तोवर, मग नोकरी पक्की होईपर्यंत, मग दोन महिने. त्यांना घरात कायमचं धरून घर कसं असेल, हे माप मी कधी काढलंच नव्हतं. आणि मला ते जायला नको होते. इतकं साधं होतं ते, फक्त कुठल्या रकान्यात लिहायचं ते ठाऊक नव्हतं.

मी लिहिलं, 'ड्रॉइंग बदललं.' सही केली.

काकांनी वही उचलली, चष्मा लावून ते दोन शब्द सोडून सगळं पान वाचलं, आणि शेवटी तेही वाचले.

"तारीख टाक," ते म्हणाले.

मी तारीख टाकली आणि उठून ताईला फोन लावला. ती आधी भडकली, मग रडली, मग म्हणाली की दर रविवारी ती येणार आणि मी घराबाहेर जायचं, कुठेही, पण जायचं. फोन ठेवून वळलो तर काकांनी गोळी घेतलेली होती. दवाखान्यात नर्स रोज तोंड उघडायला लावायची, गोळी खरंच गिळली की नाही बघायला, आणि काका तिच्यावर डाफरायचे. मी तसं तोंड उघडून दाखवा म्हणून कधी मागितलं नव्हतं. आज त्यांनी मला हाक मारली, खिडकीतल्या उजेडात तोंड वर केलं, आणि अडुसष्टाव्या वर्षापर्यंत माझ्याच घरात राहणाऱ्या त्या माणसाने मला लांबलचक जीभ काढून दाखवली.